पट्ट्याची मिनिटं: २३ महिन्यांच्या पोराचा पहिला विमानप्रवास, सांगली ते दिल्ली

हे सविस्तर लिहायचं कारण म्हणजे आमच्या भागात अशी घरं खूप आहेत. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव इकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली, आमच्याकडंही तेच, नवरा दिल्लीला करोलबागेत आणि मी, सासूबाई आणि पोरगा सांगलीत. आधी सगळे गोवा एक्सप्रेसनं जायचे, मिरजेला बसलं की तीस तासांच्या वर प्रवास, पण त्यात पोरं डब्यात इकडून तिकडं पळतात, शेजारच्यांच्या डब्यातलं खातात, रात्री झोपतात, वेळ जातो. आता तिकीट आधी काढलं तर विमान परवडतं म्हणून बऱ्याच जणी लेकरं घेऊन एकट्या निघतात आणि पोरगं जर शांत बसणारं नसेल तर काय होतं ते कुणी नीट सांगत नाही. "काही नाही गं, झोपतंय ते" एवढंच सांगतात. आमचा झोपला नाही, म्हणजे झोपला पण नको तेव्हा.

पोरगा कसा आहे

सोन्या (घरात हेच म्हणतो) जाताना २३ महिन्यांचा होता. चालायला लागला तो थेट पळायलाच लागला. सोफ्यावरून खिडकीत, खिडकीतून टीव्हीच्या टेबलावर. आजारी नाही, हट्टी पण म्हणणार नाही मी, अंगात जोर आहे आणि तो बाहेर पडायलाच लागतो. दुपारी १ ते ३ झोप, ती चुकली की संध्याकाळी सगळ्या घराला त्रास. आणि एक गोष्ट आम्ही तेव्हा धरलीच नव्हती, ती म्हणजे त्याला पट्टा लावून बसायची अजिबात सवय नव्हती. गाडीत मांडीवर, स्कूटरवर मध्ये उभा. बांधून बसणं म्हणजे काय हे त्याला विमानात पहिल्यांदा कळलं, आणि मुख्य चूक तिथंच झाली असं मला आता वाटतं.

जायच्या आधी

कागदपत्रांचं आम्ही नीट केलेलं. २ वर्षांच्या आतलं मूल इन्फंट म्हणून मांडीवर जातं, त्या तिकिटावर वेगळी सीट मिळत नाही, पण वयाचा पुरावा दाखवावा लागतो, म्हणून महापालिकेचा जन्मदाखला आणि निळं बाल आधार दोन्ही घेतलं. यात एक बारकी गोष्ट आहे, वय धरतात ते त्या त्या प्रवासाच्या दिवसाचं. सोन्याचा दुसरा वाढदिवस दिल्लीतच येणार होता, त्यामुळं जाताना तो इन्फंट आणि येताना त्याचं पूर्ण तिकीट आणि स्वतःची सीट. तेव्हा मला ते पैसे जड गेले होते, नंतर काय झालं ते पुढं येईलच.

सर्दी थोडी होती म्हणून डॉक्टरांकडं नेलं. कान बघितले, ठीक आहेत म्हणाले, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब दिले. तिथंच मी विचारून घेतलं कारण शेजारच्या काकू रोज सांगत होत्या की सर्दीचं सिरप पाज, गुंगी येते, गप झोपेल. डॉक्टर चिडलेच. गुंगी आणणाऱ्या औषधांपैकी प्रोमेथाझिन २ वर्षांखालच्या मुलांना द्यायचंच नसतं, श्वास मंदावून जिवावर बेतू शकतं. आणि दुकानात सहज मिळणारी सर्दीची जी जोड औषधं असतात, क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेली, ती ४ वर्षांखाली वापरू नका असं बाटलीवर छापायला सरकारनं डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांना सांगितलंय. शिवाय काही पोरांना या औषधानं झोप येतच नाही, उलट जास्त चेकाळतात. विमानात बंद जागेत असं झालं तर आई काय करणार? काकूंच्या मनात वाईट काहीच नव्हतं, आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या असंच सांगत आलेत, पण हे ऐकू नका, खरंच हात जोडून सांगते.

बाकी तयारी म्हणजे मारुती रोडवरून नऊ नवीन खेळणी, मोबाईलमध्ये कार्टून भरून घेतलेली, आणि खाऊ. भडंग घेतला होता आमच्यासाठी, त्यातले शेंगदाणे त्याच्या हाताला लागणार नाहीत याची काळजी घ्यायची होती कारण या वयात अख्खा शेंगदाणा, फुटाणा घशात अडकू शकतो आणि धावपळीत खाताना तर धोका जास्तच. बेदाणे मात्र त्याचे आवडीचे, ते पण मी अर्धे तोडून एकेक देते.

सासूबाईंचं पण हे पहिलंच विमान. त्यांची पानसुपारीची चंची बरोबर, त्यात अडकित्ता. पुण्यात बॅगा देताना काउंटरवरच्या मुलीनं धारदार काही आहे का विचारलं तेव्हा मला आठवलं, लगेच काढून मोठ्या बॅगेत टाकला. पुढं सिक्युरिटीला गेला असता तर परत मिळाला नसता, आणि तो त्यांच्या सासूचा आहे. सुपारी-तंबाखू मी घरीच काढायला लावलेली. म्हणजे आत जाताना चंची पूर्ण रिकामी होती. ही चंची लक्षात ठेवा.

जाताना

संक्रांत झाल्यावर पाचव्या दिवशी निघालो, बोरन्हाण उरकून. फ्लाईट पुण्याहून ४:४० ची. कोल्हापूरचं विमानतळ आम्हाला जवळ, पण तिथून आमच्या सोयीची थेट फ्लाईट नव्हती. सकाळी ९:३० ला सांगली सोडली, आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका आणि मग हायवे. पेठ नाक्यापर्यंत सोन्या खुशीत, ट्रक मोजत होता (सगळे "एक" च). कराडच्या पुढं त्याला झोप लागली ती थेट खंबाटकीच्या बोगद्यापर्यंत. मी आणि सासूबाई किती खुश झालो, शांतपणे दोन घोट चहा मिळाला. पण त्याची दिवसाची झोप तिथं संपली, आणि पाच तास गाडीत बसून त्याचा बसायचा जेवढा काही धीर होता तोही संपला. आपण सांगलीकर म्हणतो फ्लाईट दोन तासांची आहे, पण पोराचा प्रवास दारातून गाडीत बसल्यापासून सुरू होतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

विमानतळावर पोचल्यावर कळलं की उशीर आहे. जानेवारीत दिल्लीला सकाळी धुकं असतं, तिथलं विमान उशिरा सुटलं की तेच विमान दिवसभर पुढं उशिरा फिरत राहतं, त्यामुळं पुण्यात लख्ख ऊन असलं तरी आपण थांबायचं. दिल्लीला जानेवारीत जाणाऱ्यांनी हे धरूनच चालावं. एवढ्या अंतराच्या फ्लाईटला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर खायला द्यायचा नियम आहे, आमचा १ तास ४० मिनिटं झाला.

सिक्युरिटी सोपी गेली. बायकांची रांग वेगळी, पडद्याआड तपासणी, मूल कडेवरच. दूध, खिचडीचा डबा, गरम पाणी सगळं नेऊ दिलं, थोडं उघडून बघितलं फक्त.

आता मी चूक काय केली, तर त्या दोन-तीन तासांत त्याला पळू दिलं नाही. लोक बघतात, घसरेल, हरवेल, म्हणून खुर्चीत बसवून खेळण्यामागून खेळणं काढत गेले. नऊपैकी सात खेळणी गेटवरच जुनी झाली. मोबाईल पण तिथंच दाखवला. मग अनाऊन्समेंट झाली की लहान मुलं असणाऱ्यांनी आधी या, मला वाटलं किती चांगली सोय, आम्ही पहिल्या बसनं जाऊन सगळ्यात आधी आत बसलो. ५:४५ ला. विमान हललं ६:१८ ला. ती ३३ मिनिटं तो माझ्या मांडीवर, शेजारी सासूबाई, पलीकडच्या सीटवर एक गृहस्थ, आणि बाहेर जायच्या वाटेत अख्खं विमान बॅगा चढवतंय. हलायला जागाच नाही.

त्याच वेळात सासूबाईंनी त्याला रमवायला त्यांच्या पट्ट्याचं बक्कल दाखवलं, वरचं पान उचललं की टक् करून सुटतं. दोन मिनिटांत शिकला. आम्ही टाळ्या पण वाजवल्या. मग क्रूमधल्या मुलीनं बाळाचा छोटा पट्टा आणून माझ्या पट्ट्यात ओवून दिला, आणि विमान हलल्यावर साहेबांनी माझं बक्कल टक् करून उघडलं. परत लावलं, परत उघडलं. हात धरला तर जो रडायला लागला तो विचारू नका, मागं डोकं आपटून माझ्या हनुवटीला लागलं, पायानं पुढची सीट. पुढच्या बाईंनी दोनदा वळून बघितलं, बोलल्या काही नाहीत. मी पण रडायच्या बेतात. शेवटी मी माझी शाल बक्कलावर गुंडाळून टाकली, ते दिसेनासं झालं, तेव्हा त्याचा हात तिथनं हलला. रडणं तरी थांबलं नाही. ६:३५ ला उड्डाण आणि पट्ट्याचा दिवा विझला ६:५० ला.

दिवा विझल्यावर मी त्याला उचलून मागं घेऊन गेले, टॉयलेटच्या जवळ थोडी मोकळी जागा असते तिथं उभा केला, आणि तो गप्प. एकदम गप्प, भिंतीला हात लावून बघत उभा. विमानाला घाबरला नव्हता, उंचीला नाही, आवाजालाही नाही. त्याला फक्त बांधलेलं नको होतं.

आम्ही जागेवर परत आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आगं त्याला बसायचं न्हाई तर कशाला बसीवतीस, जवा दिवा लागंल तवाच बसीव की." आणि त्यांनी ती रिकामी चंची काढली, प्रत्येक कप्प्यात अर्धा अर्धा बेदाणा सरकवला आणि त्याच्या हातात दिली. हा कप्पा उघड, तो उघड, आतला कप्पा, त्याच्या आतला. तेवढ्यावर २५ मिनिटं गेली. मारुती रोडची नऊ खेळणी आणि एक जुनी चंची, काय सांगायचं.

मग तो पेंगायला लागला. उतरायला पाऊण तास असेल, मांडीवर झोपला आणि आम्ही देवाचे आभार मानले. इथं दुसरी चूक. विमान खाली यायला लागलं तसा तो किंचाळत उठला, कान धरून. विमानाच्या आत हवेचा दाब ६ ते ८ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवतात, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही उंच. खाली येताना दाब वाढतो आणि कानाचा पडदा आत ओढला जातो. पसरणी घाट उतरताना आपले कान बसतात ना, तेच. आपण आवंढा गिळला की कान आणि घसा जोडणारी नळी उघडते आणि बरं वाटतं, पण लहान मुलांची ती नळी अरुंद आणि आडवी असते, सर्दीत सुजलेली, आणि झोपेत गिळणं कमी. त्यामुळं कळ साठत जाते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की उतरताना पाजत राहा, पण झोपलेल्या पोराला उठवायचं माझ्या जिवावर आलं. पाणी तोंडाला लावलं तर ढकलून दिलं. ८:१० ला दिवा लागलेला, ८:४० ला टेकलो, आणि दिल्लीत विमान जमिनीवरच इतकं फिरतं की दारापाशी यायला ८:५५.

नंतर हिशोब मांडला तेव्हा

रात्री झोप आली नाही म्हणून मोबाईलवर वेळा लिहून काढल्या. सीटवर बसल्यापासून दारापर्यंत ३ तास १० मिनिटं. त्यात पट्टा खरंच बांधायलाच हवा असा वेळ सुरुवातीला ३२ आणि शेवटी ४५, मिळून ७७ मिनिटं. मधली ८० मिनिटं बऱ्यापैकी मोकळी (तरी सीटवर असताना पट्टा ठेवलेला बरा, विमान अचानक हादरतं). आणि सुरुवातीची ३३ मिनिटं मी स्वतःहून विकत घेतली होती, लवकर आत जाऊन. माझी सगळी तयारी त्या मधल्या ८० मिनिटांसाठी होती, खेळणी, कार्टून, खाऊ. ७७ मिनिटांसाठी काहीच नव्हती. उलट त्या वेळेपर्यंत त्याची झोप गाडीत संपलेली, पाय गेटवर अडवलेले, नवलाई सगळी वापरून झालेली.

म्हणून मी आता कुणी विचारलं तर फ्लाईट किती तासांची ते बघू नको, पट्ट्याची मिनिटं मोज असं सांगते.

येताना

२६ दिवसांनी परत निघालो, तेव्हा सोन्या २ वर्षांचा आणि स्वतःच्या तिकिटाचा. मधल्या दिवसांत नवऱ्यानं एक गोष्ट केली, करोलबागेतून कुठंही टॅक्सीनं जायचं तर त्याला मध्ये बसवून पट्टा लावायचा, गाडी सुरू व्हायच्या आधी "पट्टा", थांबल्यावर "सुटला". पहिले तीन दिवस रडारड, मग तो स्वतःच "पत्ता" म्हणून ओढायला लागला. आणि बक्कल उघडायचं काम मोठ्यांचं, हे रोज तेच सांगितलं. शिकलेलं विसरत नाहीत पोरं, पण कधी करायचं ते शिकतात असं दिसलं.

फ्लाईट मुद्दाम १:१५ ची घेतली, झोपेच्या वेळेची. नवरा बाहेरच्या दारापर्यंतच, आत सोडत नाहीत. सकाळी नाश्ता करून तासभर बागेत पळवला. गेटवर पोचल्यावर खुर्चीत बसवलाच नाही, मी मागं आणि तो पुढं, काचेपाशी विमानं बघत त्या टोकापासून या टोकापर्यंत, फरशी आहे, पडला तर पडला. लोकांनी बघितलं तर हसून बघितलं, एका सरदारजी आजोबांनी तर त्याच्याबरोबर चार फेऱ्या मारल्या. मोबाईल बंद. नवीन काही काढलं नाही.

बोर्डिंग सुरू झाल्यावर सासूबाई बॅग घेऊन पहिल्यांदा आत गेल्या, एकट्या, सीट नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलेला. मला भीती वाटत होती पण त्या मजेत गेल्या. मी गेटवरच्या मुलाला सांगून ठेवलं की आम्ही शेवटी येणार, आजी आत आहेत, नाव पुकारू नका. गेट २०-२५ मिनिटं आधी बंद होतं त्यामुळं हा खेळ ताणायचा नाही, रांग संपत आली की लगेच. आणि बस असेल तर शेवटच्या बसमध्येही उभं राहावं लागतं हे धरायचं. इथं थेट विमानाच्या दारापर्यंत नेणारा ब्रिज होता. आम्ही बसल्यावर १४ मिनिटांत विमान हललं.

खिडकीत तो, मध्ये मी, कडेला सासूबाई. जाताना कडेची सीट आमची नव्हती, दर वेळी त्या गृहस्थांना उठवावं लागत होतं. पोराला मात्र कडेला बसवू नये, चहाची गाडी जाते आणि त्याचा हात बाहेर. स्वतःचा पट्टा लावून घेतला, "पत्ता". पुढच्या सीटला लाथा मारल्याच, त्यावर मला उपाय सापडलेला नाही, बूट काढून ठेवले तेवढंच. मी उठून पुढच्या माणसाची आधीच माफी मागितली, तो म्हणाला माझे पण दोन आहेत. धावपट्टीवर रांगेत थांबलो तेव्हा कुरकुर सुरू झाली, तेव्हा चंची निघाली. म्हणजे सगळ्यात चांगली गोष्ट पट्ट्याच्या वेळेसाठी राखून ठेवलेली. वर गेल्यावर नुसतं उभं राहणं, मागं दोन फेऱ्या, टॉयलेटमध्ये भिंतीवरचं पाडायचं टेबल असतं त्यावर डायपर बदलला, आणि मग तो झोपला, ५० मिनिटं.

उतरायला अर्धा तास राहिला असताना मी त्याला उठवलं. जीव तुटत होता उठवताना. चिडला, पण स्ट्रॉच्या बाटलीतून थंड पाणी घोट घोट, मग अर्धे बेदाणे, परत पाणी. कान धरला नाही. रडला चार-पाच मिनिटं, ते झोपमोडीचं रडणं होतं, जातानाचं वेगळं होतं, आईला फरक कळतो.

यात स्वतःच्या सीटचा वाटा किती आणि बाकीच्याचा किती हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. वय महिनाभरानं वाढलेलं, सर्दी गेलेली, विमान एकदा बघितलेलं. पण मांडीवर धरलेलं मूल आणि आपल्या जागेवर बसलेलं मूल यात फरक आहेच, सुरक्षेच्या दृष्टीनं तर आहेच आहे, जोराचा हादरा बसला तर हातांनी मूल धरून ठेवता येत नाही. जे पैसे मला जड गेले होते ते आता मी २ वर्षांच्या आत असला तरी जमत असेल तर घाला म्हणेन.

पुण्यात उतरल्यावर लगेच गाडीत घातला नाही. बॅगा येईपर्यंत आणि नंतर बाहेर मिळून पाऊण तास पळू दिला, ड्रायव्हर दादा थांबले बिचारे. घाट उतरल्यावर तो झोपला, पेठ नाक्याला जागा झाला, तिथं चहा घेतला. सासूबाईंनी पहिला फोन विट्याला बहिणीला लावला, मुलगा कसा आहे, दिल्ली कशी आहे हे नंतर. आधी सांगितलं, "म्या एकटी गेली आत, नंबर बघून बसली, आन् बॅग पन वर ठिवून घेतली." सोन्या टपरीच्या बाकड्यावर चढत होता, तिथंही "पत्ता" शोधत होता.

दिवाळीला परत जायचंय. यावेळी आदल्या रात्री पुण्यात नणंदेकडं मुक्काम ठरलाय.